सायकल, चढ आणि शांतता

(डोंबिवलीत झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय जाहीर झाल्यापासून आम्हाला एकच प्रश्न विचारला जातोय. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याची हयात गेली, त्यानं सायकलीवर काय बोलायचं? उत्तर सोपं आहे. निवृत्तीनंतर आम्ही आठवड्यातून एकदा सायकली घेऊन मुरबाड-शहापूरच्या बाजूला जातो, आणि वर्गात जे प्रश्न आम्ही मुलांना पुस्तकातून सांगत होतो त्यांतले काही तिथे चढावर अंगावर आले. ‘आम्ही’ म्हणजे पाच जण. सगळे सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. एक बँकेतले, दोन रेल्वेतले, एक माजी मुख्याध्यापक आणि पाचवे तुमच्यासमोर उभे आहेत. त्यामुळे आज ‘मी’ फारसा येणार नाही. शिवाय आमच्या पिढीच्या प्राध्यापकांना स्वतःला ‘आम्ही’ म्हणायची खोडही असते, तीही सांभाळून घ्या.

मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कुणाला लोकल पकडायला उठावं लागलं तरी हरकत नाही. शांत रस्ता म्हणजे आवाज नसलेला रस्ता, असं आपण समजतो. ते बरोबर नाही. ज्या रस्त्यावर पाठीमागून येणाऱ्या आवाजाची धास्ती नसते तो शांत रस्ता. फरक लहान वाटतो, पण सायकलीच्या प्रवासाची सगळी गोडी त्यात आहे. आणि त्यातूनच एक नैतिक अडचणही उभी राहते. तिच्याशी आम्ही शेवटी येऊ.

कान कुठे लागलेला असतो

डोंबिवलीतून सायकल काढली की पत्री पूल, कल्याण, शहाड, मग म्हारळ, कांबा, रायत्याचा उल्हास नदीवरचा पूल, गोवेली आणि पुढे मुरबाड. हा सगळा राष्ट्रीय महामार्ग. पहाटे साडेचारला निघालात तरी डंपर, दुधाचे टेम्पो, कामगारांच्या बसेस असतातच. या तीस-पस्तीस किलोमीटरमध्ये माणूस काय बघतो? प्रामाणिकपणे सांगायचं तर काहीच नाही. डोळे पुढच्या खड्ड्यावर आणि कान पूर्णपणे पाठीमागे. उल्हास नदी ओलांडली हे रायत्याचा पूल संपल्यावर कळतं.

याला शरीरशास्त्रीय कारण आहे. आपले डोळे पुढे बघतात. पाठीमागचं जग आपल्याला फक्त कानांनी कळतं. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे दोन कानांपर्यंत पोचणाऱ्या आवाजातल्या वेळेच्या आणि जोराच्या फरकावरून मेंदू ठरवतो. आवाज पुढून की मागून, हे ठरवायला मात्र कानाच्या पाळीचे बारीक उंचवटे मदत करतात, आणि ती मदत प्रामुख्याने वरच्या पट्टीच्या आवाजांत मिळते. म्हातारपणी पहिल्यांदा जातात ते हेच वरच्या पट्टीचे आवाज. म्हणून सत्तरीतल्या माणसाला हॉर्न ऐकू येतो, पण तो नेमका कुठून आला हे कळायला वेळ लागतो.

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्या उजव्या कानाची ऐकण्याची शक्ती बरीच कमी झाली. आपल्याकडे सायकलनं डाव्या कडेनं जायचं, म्हणजे सगळी वाहनं उजवीकडून मागे टाकून जाणार. नेमका तोच कान गेला. एका सकाळी एक डंपर इतका जवळून गेला की त्याचा वारा आधी लागला आणि आवाज नंतर लक्षात आला. आम्ही रस्ता सोडून खडीत उतरलो, गुडघा फुटला, बाकी काही झालं नाही. चालकाची चूक होती असं म्हणता येणार नाही. त्यानं हॉर्न दिला होता, असं मागून येणाऱ्या मित्रानं सांगितलं. आम्हाला तो समोरून आल्यासारखा वाटला होता.

त्या दिवसापासून आमच्यासाठी बिनवर्दळीचा रस्ता ही चैन राहिली नाही. सायकल चालवायची तर दुसरा पर्यायच उरला नाही. आता आम्ही सायकली टेम्पोत घालून मुरबाडपर्यंत नेतो आणि तिथून पुढे म्हसा, धसई, देहरी या बाजूला पायडल मारतो. शांत रस्त्यावर पोचायला आधी डिझेल जाळावं लागतं, हा विनोद आमच्यावर रोज होतो. तो आम्हाला मान्य आहे.

शांत म्हणजे रिकामं नव्हे

मुरबाड सोडून आडरस्त्याला लागल्यावर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत एक गोष्ट घडते. खांदे खाली येतात. आपण ते उचलून धरले होते हे तेव्हाच कळतं. मग हळूहळू कान पाठीमागून सुटून पुढे येतो, बाजूला जातो, झाडांत शिरतो.

तिथे आवाज कमी नसतात. तांबट पक्षी लोहाराच्या ठोक्यासारखा टुक-टुक करत असतो. भारद्वाज झुडपात घुमतो. हे दोन्ही खालच्या पट्टीचे आवाज, त्यामुळे आमच्यासारख्यांच्या कानांनाही अजून उपलब्ध आहेत. जेठ महिन्यात पावशा ‘पेरते व्हा’ म्हणत असतो. कुठेतरी गुराख्याची हाळी, चेनची सरसर, पायडलचा एक जुना ‘कट्’ आवाज जो कोणत्याही दुकानदाराला सापडत नाही. हे सगळं ऐकू येतं आणि तरी आपण म्हणतो, काय शांत आहे!

ह्यात विसंगती नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात मूळचे रस आठ. नववा, शांत, हा नंतर आला आणि त्यावर मोठा वाद झाला. आक्षेप असा होता की जिथे सगळे विकार शमलेत तिथे रंगमंचावर दाखवायचं काय? काश्मीरच्या अभिनवगुप्तांनी दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास या रसाची बाजू समर्थपणे मांडली. त्यांच्या मांडणीचा आमच्या समजुतीप्रमाणे सारांश असा, की शांत ही पोकळी नसून भूमी आहे. बाकीचे भाव तिच्यावर उमटतात आणि तिच्यातच मावळतात.

नाट्यशास्त्रातला विचार सायकलीला लावणं हे थोडं धाडस आहे, आम्हाला कल्पना आहे. पण अनुभव तसा आहे खरा. महामार्गावर आवाजांची एक भिंत असते. तिथे एखादा आवाज ‘उमटत’ नाही. धसईच्या रस्त्यावर तांबटाचा एक ठोका उमटतो, थांबतो आणि त्यानंतरची जागाही ऐकू येते. आपलं अवधान मोकळं असलं तरच हे होतं. भीती ही अवधानाची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक आहे. ती बाजारात असेपर्यंत दुसऱ्या कुणाला माल मिळत नाही.

डोंगर नेमकं काय करतो

आता कुणी म्हणेल, शांतताच हवी तर सपाट माळरानही चालेल, डोंगर कशाला? याची दोन कारणं आहेत, एक ध्वनीचं आणि एक श्रमाचं.

ध्वनीचं आधी. एकटी स्कूटर दूर जाते तेव्हा अंतर दुप्पट झालं की तिचा आवाज सुमारे सहा डेसिबलनं उतरतो. पण महामार्ग म्हणजे एक वाहन नव्हे, आवाजाची एक लांबच लांब रेघ. तिच्यापासून दुप्पट लांब गेलात तरी आवाज तीनच डेसिबलनं कमी होतो. म्हणून सपाट मुलखात महामार्ग दोन-दोन किलोमीटरवरून घोंघावत राहतो. पहाटे तर जास्तच. जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, तेव्हा वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो. आपण म्हणतो सकाळी सगळं शांत असतं, पण महामार्ग सगळ्यात लांबून ऐकू येतो तो सकाळीच. मध्ये डोंगराची एक सोंड आली की मात्र हा आवाज अडतो. टेकडी ओलांडून एक वळण घेतलं की दार लावल्यासारखा फरक पडतो. गोरखगड-सिद्धगडाच्या पायथ्याकडच्या खोऱ्यांत हा अनुभव कुणालाही घेता येईल.

दुसरी गंमत वेगाची. सायकल पंचवीसच्या वेगानं उतारावर सुटली की कानात वाऱ्याचाच एवढा आवाज होतो की पाखरू ऐकू येत नाही. चढावर आपण ताशी पाच-सहा किलोमीटरवर येतो, वारा गप्प होतो आणि रान बोलायला लागतं. म्हणजे शांतता उतारावर नसते, चढावर असते. लोक चढ सोसतात उतारासाठी. आमचं आता उलटं झालंय.

श्रमाचं गणित करून दाखवतो, कारण चढाची भीती बरीचशी अज्ञानातून येते. माणूस, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून ८५ किलो धरा. हे वजन १०० मीटर उंच न्यायला सुमारे ८३ हजार ज्यूल, म्हणजे २० किलोकॅलरी लागतात. आपले स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच कामाला लावतात, उरलेली उष्णता होऊन घामावाटे जाते. तेव्हा लागतात ८० किलोकॅलरी. एका मध्यम आकाराच्या पोळीत साधारण तेवढ्याच असतात. १०० मीटरचा चढ म्हणजे एक पोळी. ७०० मीटरचा घाट म्हणजे सात पोळ्या. आमच्या वयात सात पोळ्या खाणंच घाट चढण्यापेक्षा अवघड आहे, म्हणून आम्ही दोनशे-अडीचशे मीटरवर भागवतो.

मग जुन्या सायकलीवर चढ अशक्य का वाटायचा? आपल्या लहानपणच्या काळ्या सायकलीला पुढे ४४ दाते, मागे १८. पायडलची एक फेरी मारली की सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जायची. आमच्या आताच्या सायकलींना सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पुढे २२ आणि मागे ३४ दाते आहेत, चाकही थोडं लहान. एका फेरीत सायकल फक्त १.३ मीटरच्या आसपास जाते. पायावरचा जोर चौथा हिस्सा, फेऱ्या चौपट. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी पाच किलोमीटरला थोडा कमीच वेग मिळतो, म्हणजे चालण्याचा. एकूण काम तेवढंच राहतं. आमचे बँकवाले मित्र म्हणतात, गिअर म्हणजे कर्जमाफी नव्हे, हप्ते बांधून मिळतात.

हे हप्ते मिळवून देण्यासाठी ज्यानं आयुष्य घालवलं तो माणूस फ्रेंच होता. पॉल द व्हिवी. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावानं तो लिहायचा. जन्म १८५३ चा, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे ही आपली पहिली आगगाडी धावली त्याच वर्षीचा. सेंत-एतिएन या गावाभोवतीच्या डोंगरांत तो फिरायचा आणि ‘ल सिक्लिस्त’ नावाचं मासिक चालवायचा. सायकलनं फिरण्यात शर्यतीपेक्षा वेगळा आनंद आहे आणि त्यासाठी चढावर हलका गिअर हवा, हे तो वर्षानुवर्षं सांगत राहिला. शर्यतवाल्यांना गिअर म्हणजे दुबळेपणा वाटे. ‘तूर द फ्रान्स’मध्ये गिअर बदलण्याच्या यंत्रणेला परवानगी मिळाली ती थेट १९३७ साली. व्हेलोसिओचे काही नियम आम्ही पाळतो. भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या, आणि केवळ अहंकारापायी पायडल मारू नका. तिसरा नियम निवृत्तांनी घरातही पाळायला हरकत नाही.

हा माणूस गेला कसा? १९३० मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, शहरातल्या रस्त्यावर सायकल हातात धरून चालत असताना ट्रामची धडक बसून. आयुष्यभर डोंगरातले घाट चढलेल्या माणसाला मरण आलं ते शहरातल्या रहदारीत.

शांत रस्ता ओळखावा कसा

नकाशावर शांतता दिसत नाही. इतक्या फेऱ्यांनंतर आम्ही काही खुणा पक्क्या केल्या आहेत, त्या सांगतो.

पहिली खूण झाडांची पानं. रस्त्याकडेच्या सागाची, ऐनाची पानं धुळीनं पांढरी झालेली असतील तर पुढे खडीची खाण आहे आणि डंपर येणार. पानं हिरवी असतील तर चला.

दुसरी खूण रस्त्यावरचं शेण. अख्खं पडलेलं असेल तर बराच वेळ तिथून चाक गेलेलं नाही. तिसरी, डांबरावर वाळत घातलेला पेंढा किंवा धान्य. ज्या रस्त्याचा गावानं अंगणासारखा वापर केलाय तो हमखास शांत. आणि सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे रस्त्याच्या मधोमध झोपलेलं कुत्रं. ते उठून भुंकलं तर रस्ता मध्यम. एक डोळा उघडून पुन्हा झोपलं तर उत्तम.

वार आणि ऋतू बघावा. पावसाळ्यातला शनिवार-रविवार धबधब्यांच्या रस्त्यांवर गर्दीचा असतो. त्याच रस्त्यावर बुधवारी कुणी नसतं, आणि बुधवार ही निवृत्तांची खास मालमत्ता आहे. माघ-फाल्गुनात पळस फुललेला असतो आणि ऊन अजून चढलेलं नसतं, तो काळ आमचा आवडता. पावसात जायचं असेल तर उतारावर जपून. सावलीतल्या डांबरावर शेवाळ धरतं, तिथे ब्रेक दाबला की चाक सरकतं. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही.

ठाण्याच्या मंडळींना एवढं लांब यायला नको, उपवनवरून येऊरचा चढ आहे. पण सुट्टीच्या दिवशी सकाळी आठनंतर तिथे मोटारी वाढतात. सहाला चढून सातला खाली या.

रस्ते शांत का होतात

या खुणा शोधता शोधता आमच्या लक्षात आलं की शांतता ही कुठल्याही रस्त्याची जन्मजात वस्तू नाही. मुरबाडच्या पुढे वैशाखऱ्याजवळून नाणेघाटाची चढण लागते. आज तिथे आडवारी गेलात तर वाऱ्याशिवाय कुणी भेटत नाही. पण दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात हाच कल्याण आणि जुन्नर यांना जोडणारा राजरस्ता होता. वरच्या लेण्यात नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. यज्ञांत दिलेल्या गायींचे, नाण्यांचे आकडे त्यात कोरलेत, आणि भारतीय अंकांच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. तिथेच तो मोठा दगडी रांजण आहे, ज्यात जकातीची नाणी पडत असं परंपरेनं सांगतात. ज्या घाटात जकात घ्यावी लागत होती तो घाट शांत असेल का? तिथे बैलांच्या घंटा, लमाणांची ओरड, हुज्जत, सगळं असणार.

पुढे वाटा बदलल्या. १८५४ मध्ये रेल्वे कल्याणला पोचली. १८६३ मध्ये बोर घाटातून आणि १८६५ मध्ये कसाऱ्याच्या थळ घाटातून रूळ वर चढले. माल तिकडे गेला. नाणेघाटाला आजची शांतता मिळाली ती अशी, वाहतूक दुसरीकडे गेल्यामुळे. युरोपातही हेच झालं. स्पेनमध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर १९९३ पासून चालणाऱ्या-सायकलवाल्यांसाठी ‘हिरव्या वाटा’ तयार करण्यात आल्या. रूळ जिथे ओसाड झाले तिथे माणसं पायडल मारायला लागली.

आज आपल्या भागात पुन्हा वाटा बदलतायत. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये भिवंडी तालुक्यातल्या आमणेपर्यंत पूर्ण झाला. त्याच्यावर सायकलला प्रवेश नाही, ते ठीकच आहे. पण त्याच्या आसपासचे जुने छोटे रस्ते शांत होतील, की गोदामांच्या ट्रकांनी भरतील? दोन्ही शक्य आहे. ते आपोआप ठरणार नाही, कुणीतरी ठरवणार आहे.

वाटेत भेटलेली बाई

आता ती अडचण. आतापर्यंत शांततेचं जे कौतुक केलं, त्याला छेद देणारी ही गोष्ट आहे.

गेल्या वर्षीच्या भाद्रपदातली. धसईच्या पुढे एका वाडीच्या फाट्यावर आम्ही पाणी प्यायला थांबलो. सकाळपासून एकही मोटार दिसली नव्हती आणि आम्ही त्याचाच आनंद एकमेकांना सांगत होतो. फाट्यावर एक बाई कडेवर चार-पाच वर्षांचं पोर घेऊन उभी होती. पोर तापानं फणफणलेलं.

तिनं विचारलं, “बाबा, वाटंत कुठं जीप दिसली का?”

आमच्यातले एक जण उत्साहानं म्हणाले, “एकही नाही! अगदी एकही नाही!”

बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. बाई काही बोलली नाही. पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. ती पहाटेपासून उभी होती.

आमचे रेल्वेवाले मित्र सायकल वळवून मागच्या गावात गेले आणि अर्ध्या-पाऊण तासानं एक काळी-पिवळी जीप घेऊन आले. पोर पुढे बरं झालं, असं महिन्याभरानं त्याच फाट्यावर कळलं. पण त्या दिवशी आम्ही पुढे गेलो नाही. घरी येईपर्यंत कुणी फारसं बोललं नाही.

आम्हाला मिळणारी शांतता आणि त्या बाईला न मिळालेली जीप ही एकाच वस्तूची दोन नावं आहेत. आम्ही ज्याला बिनवर्दळीचा रस्ता म्हणतो त्याला ती ‘गाडी येत नाही’ म्हणते. शहापूर तालुक्यात हेच पाण्याचं. तानसा, भातसा यांचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. बारवी धरणाकाठच्या बदलापूर-मुरबाड रस्त्यावर आम्ही जलाशय बघत थांबतो. तेच पाणी डोंबिवलीच्या एमआयडीसी भागात येतं, आणि त्या जलाशयासाठी माणसांना घरं सोडावी लागली. आम्ही निसर्ग म्हणून बघतो त्याच्यात बऱ्याच ठिकाणी कुणाचीतरी गैरसोय साठवलेली असते.

मग काय, आम्ही सायकल सोडायची? की रस्ते चौपदरी होऊ द्यायचे, कारण त्या बाईला जीप हवी आहे? बराच काळ आम्ही याच दोन टोकांत अडकलो होतो.

मग मागायचं काय

या पेचातून बाहेर पडायला इव्हान इलिच हा विचारवंत उपयोगी पडला. १९७० च्या दशकात त्यानं ऊर्जा आणि समता यांच्या संबंधावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यातला एक हिशेब प्रसिद्ध आहे. अमेरिकन माणूस मोटारीत बसण्यात आणि मोटारीसाठी पैसे कमावण्यात मिळून वर्षाला १६०० तास घालवतो आणि साडेसात हजार मैल जातो. म्हणजे ताशी पाच मैलांपेक्षाही कमी, आपल्या हिशेबात साडेसात किलोमीटर. आमच्या चढावरच्या सायकलीपेक्षा फार जास्त नाही! त्याचा खरा मुद्दा असा की एका मर्यादेपुढे काही जणांचा वेग वाढतो तो बाकीच्यांचा वेळ आणि जागा खाऊन.

हे डोक्यात ठेवून आम्ही पुन्हा आमच्या रस्त्यांकडे पाहिलं, तेव्हा एक साधी गोष्ट दिसली. त्या बाईला वर्दळ नको होती, तिला एक गाडी हवी होती. ठरलेल्या वेळेला, भरवशाची. १९४८ पासून या राज्यात धावणारी एसटी नेमकी तेच काम करते. दोन तासांनी एक लाल बस गेली तर रस्त्याची शांतता मोडत नाही. चाळीस-पन्नास माणसं तिच्यात बसतात. चालक लांबून हॉर्न देतो, शेजारून जाताना वेग कमी करतो, कधी कंडक्टर हात करतो. दिवसभरात आठ एसट्या गेल्या तर चारशे माणसांची सोय झाली आणि रस्ता एकूण आठ मिनिटंसुद्धा गजबजला नाही. तेवढ्याच चारशे माणसांना मोटारींतून न्यायचं तर शंभर गाड्या लागतील, आणि मग तांबट ऐकू येणार नाही, पायी शाळेत जाणारी पोरंही कडेला ढकलली जातील.

म्हणजे शांतता आणि सोय यांचं वैर नाही. रस्ता चांगला हवा, खड्डे नकोत, पावसाळ्यात पूल वाहून जाता कामा नये, आणि त्यावर बस हवी, रुग्णवाहिका हवी. नको आहेत ते खाणीचे बेलगाम डंपर आणि शनिवार-रविवारी नुसतं हिंडायला आलेले गाड्यांचे ताफे. वाडीतली माणसं आणि आम्ही, दोघांनाही त्यांचाच त्रास होतो. शेण कुठे अख्खं राहतं याच्याइतकंच बस कुठे येते हेही आता आम्ही बघतो. फाट्यावर थांबलो की वेळापत्रक विचारतो. एका ठिकाणी बंद झालेली दुपारची फेरी पुन्हा सुरू करा, असा अर्ज गावकऱ्यांनी केला, त्याचं मराठी आमच्या मुख्याध्यापकांनी दुरुस्त केलं. फेरी अजून सुरू झालेली नाही. अर्जाची पोच मात्र आली आहे. आम्ही दुसरा अर्ज लिहितोय.

वेळ संपत आली. दोन-तीन प्रश्न घेऊ.

*प्रश्न : या वयात घरचे जाऊ देतात का?*

सुरुवातीला देत नव्हते. डंपरच्या प्रसंगानंतर तर सायकल विकायचाच ठराव झाला होता. टेम्पोची अट घातली तेव्हा परवानगी मिळाली. आम्हाला वाटतं घरच्यांचं बरोबर होतं. धोका पत्करणं आणि धोका न कळणं यांत फरक आहे, आणि आमच्या कानाचं दुसरं झालं होतं.

*प्रश्न : श्रवणयंत्र लावून महामार्गावर सायकल चालवता येणार नाही का?*

लावून पाहिलं. घरात बोलणं ऐकायला उत्तम आहे. सायकलीवर मात्र त्यात वाराच भरतो. आता चढ सुरू झाला की आम्ही ते काढून खिशात ठेवतो.

*प्रश्न : नव्यानं सुरुवात करायची तर पहिली गोष्ट कुठली घ्यावी?*

नवी सायकल घेऊ नका. घरातली किंवा पोरांची पडून असलेली काढा, टायर-ट्यूब आणि ब्रेकची रबरं बदला, मागे मोठ्या दात्यांचं फ्रीव्हील बसवून घ्या. पंप, पंक्चरचं सोल्युशन, गुळाचे दोन खडे आणि मीठ-साखरेचं पाणी बरोबर ठेवा. आणि एक करा. कुठे जाताय त्या बाजूच्या एसटीच्या वेळा एका कागदावर लिहून घ्या. तुम्हाला लागल्या नाहीत तरी वाटेत कुणीतरी विचारेल.